पावणेदोन ग्रॅम कुठे गेले? वेटोळ्यावरच्या चुंबकीय बलाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

पदवीच्या दुसऱ्या वर्षाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा, तिघांचा गट. नावे देत नाही, कामावरूनच ओळखू: एकाने वेटोळे गुंडाळले, एकीने वही सांभाळली आणि तिसऱ्याने पॉवर सप्लायचा ताबा घेतला. मी त्या बॅचची शिक्षिका. प्रयोग जुना आणि सगळ्यांनी सोपा ठरवून टाकलेला. चुंबकीय क्षेत्रातल्या तारेतून विद्युतधारा गेली की तारेवर बल येते. ते बल काट्यावर मोजायचे आणि सूत्राशी ताडून पाहायचे, एवढेच.

मांडणी अशी होती. लोखंडी पट्टीची यू-आकाराची चौकट, तिच्या दोन्ही भिंतींना आतून चिकटवलेले चपटे चुंबक, विरुद्ध ध्रुव समोरासमोर. मधली फट २ सेंमी. ध्रुवांची पृष्ठे ८ सेंमी रुंद आणि ५ सेंमी उंच. ही चौकट डिजिटल काट्यावर ठेवायची, पण मध्ये १० सेंमी उंचीचा लाकडी ठोकळा घालून, कारण काट्याच्या पोटात लोखंडी भाग असतात, काही जातींत तर चुंबकच असतो. वेटोळे मात्र काट्याला कुठेही न टेकता वेगळ्या स्टँडवरून फटीत लोंबते. म्हणजे काटा दाखवतो ते चुंबकावरचे बल. वेटोळ्यावर तेवढेच बल उलट दिशेने येते. न्यूटनचा तिसरा नियम इथे मुलांना विनातक्रार पटतो.

वेटोळे होते ०.५ मिमी जाडीच्या, एनॅमल चढवलेल्या तांब्याच्या तारेचे. २० वेढे, आयताकृती, ५ सेंमी रुंद आणि ४ सेंमी उंच. ४ सेंमीच का, तर तेवढ्या मापाचा साचा कपाटात सापडला. या गोष्टीकडे तेव्हा कुणाचेच लक्ष नव्हते, माझेही नाही.

फटीच्या मध्यभागी हॉल प्रोब (चुंबकीय क्षेत्र मोजणारी सळई) धरून क्षेत्र मोजले: ८० मिलिटेस्ला. मग वहीत हिशेब झाला. वेढे २०, क्षेत्र ०.०८ टेस्ला, धारा १ अँपिअर, खालच्या बाजूची लांबी ०.०५ मीटर. गुणाकार ०.०८ न्यूटन. काट्याच्या भाषेत ८.१५ ग्रॅम.

अडचण

पहिला घोळ काटा वाचण्याआधीच झाला. वेटोळे दोऱ्याने टांगलेले होते. एका दिशेने धारा सोडली तेव्हा ते शांत राहिले आणि काट्याचे रीडिंग घटले. धारा उलटी केली तर त्याने गर्रकन अंग फिरवले, एक कोपरा ध्रुवाला जाऊन टेकला आणि काट्यावरचे आकडे नाचायला लागले. सप्लायवाला म्हणाला, "मॅडम, एकाच दिशेचं रीडिंग घेऊ या. ती दिशा चांगली आहे."

"चांगली दिशा" हा शब्द मला आवडला, कारण त्यामागे खरे कारण आहे. धारावाही वेटोळे स्वतःच एक छोटा चुंबक असतो. त्याचा अक्ष बाहेरच्या क्षेत्राच्या दिशेत असेल तर वेटोळे जागी टिकते, आणि फटीत आत ओढलेही जाते. वेटोळे खाली ओढले जाते म्हणजे चुंबक वर ओढला जातो, म्हणून रीडिंग घटते. धारा उलटली की अक्ष क्षेत्राच्या विरुद्ध होतो. टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी ही अवस्था. जरासा तिरकेपणा आला की बलयुग्म वेटोळ्याला पार फिरवायला बघते. म्हणजे रीडिंग वाढवणारी दिशा नेमकी डळमळीत आणि घटवणारी स्थिर. हा योगायोग नाही.

एकाच दिशेवर भागवायला मी नकार दिला. वेटोळे ॲक्रिलिकच्या पट्टीवर चिकटवून पट्टी स्टँडमध्ये घट्ट आवळली. मग खालची बाजू ध्रुवांच्या वरच्या काठापासून २.५ सेंमी खाली, म्हणजे उंचीच्या बरोबर मध्यावर आणली, काटा शून्यावर आणला आणि १ अँपिअर सोडला.

एका दिशेने ६.४१ ग्रॅम, दुसरीकडे उणे ६.३७. सरासरी ६.३९. अपेक्षा ८.१५ ची. पावणेदोन ग्रॅमचा, म्हणजे एकवीस टक्क्यांहून जास्तीचा खड्डा. अशा मांडणीत दोन-चार टक्क्यांची चूक मी डोळे मिटून सोडून देते. हा आकडा तसा सोडण्याजोगा नव्हता.

समोर असलेले मार्ग

आधी काय नाही ते ठरवले. अर्ध्या अँपिअरला ३.२० आणि दीड अँपिअरला ९.५८ ग्रॅम आले. सरळ रेषा, तीही शून्यातून जाणारी. वेटोळ्याच्या क्षेत्राने चौकटीचे लोखंड ओढले जात असते तर ते बल धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढले असते, आणि धारा उलटी केल्यावर चिन्ह बदलले नसते. दोन्ही दिशांचे आकडे जवळजवळ सारखे होते, तेव्हा तो संशय गेला. काट्याचे शून्य सरकल्याचा संशयही त्याच वाटेने गेला. उरली एकच शक्यता: सूत्रातला कुठलातरी गुणक चुकतो आहे. वेढे, क्षेत्र, धारा, लांबी. चारच आरोपी.

धारेचा निकाल लगेच लागला. दुसरा ॲमीटर एकसरीत जोडला, दोघांचे पटले. लांबी पट्टीने पुन्हा मोजली, ५ सेंमीच.

मग वही सांभाळणारीने बसल्या बसल्या एक गणित केले. वेढे २० ऐवजी १६ धरले तर उत्तर ६.५२ ग्रॅम येते. निरीक्षणापासून दोन टक्क्यांवर! तिने गुंडाळणाऱ्याकडे पाहिले. तोही खात्रीने काही सांगू शकेना. गुंडाळताना मध्येच कुणीतरी हाक मारली होती, म्हणाला. सप्लायवाल्याने तर "सोळाच लिही" म्हणून टाकले.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत नाजूक क्षण हाच. प्रयोगाची वेळ संपत आलेली, आकडा जुळणारा, आणि ज्याच्यावर ढकलायचे तो निम्मा कबूल झालेला. मी तिथे नसते तर वहीत १६ गेले असते, आणि माझ्या टेबलावर आलेल्या त्या वहीवर मी बहुधा शेरा मारला असता: "छान".

वेढे मोजायला वेटोळे उलगडायची गरज नव्हती. तारेचा रोध वेढे सांगतो. १८ सेंमीचा एक वेढा, असे २० म्हणजे ३.६ मीटर तार. ०.५ मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.०८६ ओहम. एकूण ०.३१ ओहमच्या आसपास. १६ वेढे असतील तर ०.२५. साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या खुणेवर हे धड दिसत नाही, त्यात जोडतारांचाच रोध मिसळतो. पण वेटोळ्यात १ अँपिअर वाहत होताच. मल्टिमीटरच्या पिना वेटोळ्याच्या अगदी दोन टोकांशी टेकवल्या. ०.३१ व्होल्ट. पाहता पाहता आकडा ०.३२ कडे सरकू लागला, कारण जेमतेम सहा ग्रॅम तांबे आणि त्यात ०.३ वॉट उष्णता. तार तापली की रोध अंशामागे सुमारे ०.४ टक्के वाढतो. सप्लाय स्थिर धारेवर लावलेला होता म्हणून बलावर याचा परिणाम नव्हता. वेढे वीसच होते. गुंडाळणाऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

उरले क्षेत्र. इथे वहीवाली थांबली आणि मला म्हणाली, "मॅडम, दोन आठवड्यांपूर्वी तुम्हीच सांगितलं होतं की एकसमान क्षेत्रात बंद वेटोळ्यावरचं एकूण बल शून्य असतं. मग काटा हलतोच कसा?"

मी पटकन "ते वेगळं" म्हणून गेले. ते वेगळे नव्हते. तिचा प्रश्न म्हणजेच उत्तर होते, आणि ते माझ्या ध्यानात यायला अजून दहा मिनिटे जायची होती.

काय केले

समोर दोन सूचना आल्या. हॉल प्रोबच चुकीचा धरून तो दुसऱ्या बॅचच्या प्रोबशी ताडायचा, ही माझी. "क्षेत्र कमी पडतंय तर वेटोळं अजून खोल सोडू या", ही सप्लायवाल्याची. प्रयोगाच्या सूचनापत्रकात "वेटोळे फटीच्या मधोमध ठेवा" असे लिहिले होते. त्याचे म्हणणे, आपण फक्त खालची बाजू मधोमध ठेवली, वेटोळे नाही. पत्रक मीच लिहिलेले. त्याची सूचना फुकट होती, माझ्या सूचनेला पाऊण तास लागला असता. मी म्हणाले, सोड खोल.

त्याने पट्टी सैल करून वेटोळे हळूहळू खाली घेतले. धारा चालूच होती. काट्यावर ६.४, मग ५, मग ३, मग दीड. वेटोळ्याचा मध्य आणि ध्रुवांचा मध्य जुळला, खालची बाजू वरच्या काठापासून ४.५ सेंमी खाली आणि वरची बाजू अर्धा सेंमी आत, तेव्हा काट्यावर उरले उणे ०.२ ग्रॅम. "तार तुटली," गुंडाळणारा म्हणाला. ॲमीटरवर १.०० अँपिअर.

पत्रकातली माझी सूचना अक्षरशः पाळली की बल जवळजवळ शून्य होत होते.

तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. आयताला चार बाजू असतात. उभ्या दोन बाजूंवरची बले आडवी आणि परस्परविरुद्ध, त्यांचे फिटते. आडव्या दोन बाजूंत धारा विरुद्ध दिशांनी वाहते, म्हणून त्यांच्यावरची बलेही विरुद्ध: खालची बाजू खाली ओढली जात असेल तर वरची वर. दोघींच्या ठिकाणी क्षेत्र सारखे असेल तर उत्तर शून्य. काटा कधीच खालच्या बाजूवरचे बल दाखवत नव्हता. तो दाखवत होता दोन बाजूंमधला फरक:

बल = वेढे × धारा × रुंदी × (खालच्या बाजूचे क्षेत्र − वरच्या बाजूचे क्षेत्र)

पुस्तकातले सूत्र तारेच्या तुकड्यासाठी असते. पण धारा वाहायची तर मंडल पूर्ण हवे, म्हणून एकटा तुकडा प्रत्यक्षात कुणाच्याच हाती लागत नाही. बाकीच्या तारेला क्षेत्राबाहेर ठेवूनच "तुकड्यावरचे बल" मोजता येते. आमचे वेटोळे चारच सेंमी उंच असल्याने त्याची वरची बाजू ध्रुवांच्या काठापासून जेमतेम दीड सेंमी वर होती. फट २ सेंमीची असेल तर क्षेत्र काठावर सुरीने कापल्यासारखे थांबत नाही, फटीच्या रुंदीएवढ्या अंतरापर्यंत चांगलेच बाहेर सांडते.

प्रोब तिथे नेला. १५ मिलिटेस्ला. त्या जागी आम्ही आधी प्रोब नेलाच नव्हता, कारण "तिथे क्षेत्र नाही" असे आमचे आम्हीच ठरवले होते.

लगे हात खालच्या बाजूवरूनही प्रोब सरकवत नेला. मध्यावर ८०, पण दोन्ही टोकांकडे ते उतरत होते. संपूर्ण ५ सेंमीची सरासरी ७८ निघाली. ७८ वजा १५ म्हणजे ६३ मिलिटेस्ला. ६.४२ ग्रॅम. काटा म्हणत होता ६.३९.

निकाल

इथेच थांबता आले असते. वहीवाली थांबायला तयारही होती. पण मघाशी १६ वेढेही जुळलेच होते, हे तिचेच उदाहरण मी तिला दाखवले. दुसऱ्या दिवशी गुंडाळणाऱ्याने नवे वेटोळे केले: तेवढीच रुंदी, तेच २० वेढे, पण उंची १५ सेंमी. या वेळी दर पाच वेढ्यांनंतर त्याने मोठ्याने आकडा म्हटला. खालची बाजू त्याच २.५ सेंमी खोलीवर ठेवली तर वरची बाजू काठापासून साडेबारा सेंमी वर गेली. तिथे प्रोब शून्यच दाखवत होता. अपेक्षा ७८ मिलिटेस्लाने ७.९५ ग्रॅम. मिळाले ७.९.

टप्प्याटप्प्याने खाली सरकवत घेतलेली आखूड वेटोळ्याची रीडिंगही आम्ही आलेखावर मांडली. वेटोळे पुरते बाहेर असताना शून्य, आत शिरताना वाढत जाणारे, मग उतरत मधोमध पुन्हा शून्य. वेटोळे किंचित खाली सरकवल्यावर त्याच्यातून जाणारा चुंबकीय फ्लक्स (वेटोळ्याच्या आतून जाणारे एकूण क्षेत्र) किती बदलतो, त्या बदलाच्या वेगाला धारेने गुणले की बल मिळते. फ्लक्स शिगेला पोचला की बदल शून्य, म्हणून बल शून्य. हा मुद्दा फळ्यावर सांगून तीन वर्षे मुलांच्या डोक्यावरून जात होता. त्या दिवशी सप्लायवाल्याने तो स्वतःच दुसऱ्या गटाला समजावला, तोही हात हलवून आणि अर्ध्या चुकीच्या शब्दांत, पण बरोबर.

वेगळे काय करता आले असते

पत्रकातली ती ओळ मी बदलली. आता तिथे लिहिले आहे: खालची आडवी बाजू ध्रुवांच्या उंचीच्या मध्यावर, वरची बाजू काठापासून फटीच्या रुंदीच्या निदान पाचपट वर. पाचपट हा आकडा सिद्धांतातून नाही, आमच्या प्रोबच्या रीडिंगवरून घेतलेला सोयीचा आकडा आहे.

आखूड साचा मात्र मी फेकला नाही, आणि यावर माझे आणि एका सहकाऱ्याचे जमत नाही. त्यांच्या मते चुकीचे उत्तर देणारे साधन कपाटात ठेवूच नये. मला वाटते उंच वेटोळ्याने प्रयोग सुरू केला असता तर ७.९ आले असते, तिघेही वेळेत घरी गेले असते आणि बंद वेटोळ्याचा प्रश्न विचारला गेलाच नसता. आता क्रम असा आहे: आधी उंच, मग आखूड, आणि आखुडाचे उत्तर कमी का हे विचारायचे.

प्रश्नाच्या वेळी मी "ते वेगळं" म्हणायला नको होते. तिथेच थांबून "खरंच, कसा हलतो?" म्हटले असते तर प्रोब पहिल्याच फेरीत वरच्या बाजूपाशी पोचला असता आणि बिचाऱ्या गुंडाळणाऱ्यावर चार वेढ्यांचा आळ आला नसता.

आणखी एक रस्ता होता, तो त्या दिवशी सुचला नाही. क्षेत्र कुठे किती, तारेची लांबी किती, हा सगळा नकाशा टाळता येतो. तेच वेटोळे त्याच जागेतून ठरावीक वेगाने हलवायचे आणि त्यात निर्माण होणारे व्होल्टेज मोजायचे. धारेला ज्या गुणकाने गुणून बल मिळते, त्याच गुणकाने वेगाला गुणून व्होल्टेज मिळते. आमच्या आखूड वेटोळ्याचा गुणक अँपिअरमागे ०.०६३ न्यूटन. सेकंदाला ५ सेंमी वेगाने हलवले तर ३ मिलिव्होल्टच्या थोडे वर व्होल्टेज मिळायला हवे, मोजता येण्याजोगे. वरच्या बाजूचे क्षेत्र, टोकांकडची उतरण, सगळे त्या एका आकड्यात आपोआप येते. ही कल्पना ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये मांडली. त्याआधीच्या धारा-काट्यांत (बलावरून धारा मोजणाऱ्या काट्यांत) वेटोळ्यांची मापे नेमकी मोजण्यातच सगळी अचूकता अडकून पडायची. २०१९ मध्ये किलोग्रॅमची नवी व्याख्या प्लँक स्थिरांक या निसर्गातल्या मूलभूत आकड्यावर उभी राहिली, तिच्यामागे असे किबल काटे आहेत. आमच्याकडे वेटोळे स्थिर वेगाने हलवायला काही नाही. सप्लायवाला म्हणतो, जुन्या प्रिंटरची मोटर चालेल. पुढच्या बॅचला बघू.

मधोमध असतानाचे उणे ०.२ ग्रॅम वहीत तसेच आहेत. वहीवालीने शेजारी कारण लिहिले: यू-चौकटीचा लोखंडी तळ खालच्या बाजूला जवळ आहे, त्यामुळे तिथले क्षेत्र वरच्यापेक्षा थोडे कमी असावे. कारण पटण्यासारखे आहे. पण तिथे दोन्ही बाजू ध्रुवांच्या काठांजवळ असल्याने क्षेत्र झपाट्याने बदलते, आणि वेटोळे १ मिमी वरखाली झाले की रीडिंग अर्ध्या ग्रॅमने हलते. म्हणजे ०.२ ग्रॅमला अर्धा मिलिमीटरसुद्धा लागत नाही, आणि आमच्या पट्टीवरची सर्वांत बारीक खूण १ मिमीची. तिने वाक्य खोडले नाही, फक्त त्याच्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले.